घरी सुरात, स्टेजवर बेसूर: फ्रेटलेस आणि इलेक्ट्रिक अपराइट बेसचं परत परत येणारं दुखणं

घरी दोन तास रियाज केला, ट्यूनर लावून एकेक स्वर तपासला, सगळं जागेवर होतं. कार्यक्रमात मात्र दुसऱ्याच गाण्याला गायिकेने मागे वळून पाहिलं. आपला बेस चढलाय की उतरलाय हेही कळेना. बोट जरा पुढे सरकवलं, मग जरा मागे, आणि उरलेलं गाणं मान खाली घालून वाद्याच्या मानेच्या कडेवरच्या ठिपक्यांकडे बघत काढलं. फ्रेटलेस (मानेवर फ्रेट, म्हणजे पडदे, नसलेला बेस गिटार) किंवा इलेक्ट्रिक अपराइट (उभा धरून वाजवायचा इलेक्ट्रिक बेस) वाजवणाऱ्या बहुतेकांनी अशी संध्याकाळ अनुभवलेली असते, आणि ती एकदाच येऊन थांबत नाही. माझ्याकडेही ती कितीदा तरी आली. पहिली काही वर्षं मी तिचा एकच अर्थ लावला: रियाज कमी पडला. रियाज वाढवला, दुखणं होतं तिथेच राहिलं.

आज माझं मत असं आहे की घरी सुरात आणि स्टेजवर बेसूर असा प्रकार असेल, तर बोटांचा संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी बघावं ते हे, की स्टेजवर तुम्हाला स्वतःचा सूर ऐकू येतो का. आवाज तर येतच असतो, छाती हादरेपर्यंत येतो. प्रश्न सुराचा आहे.

दोष नक्की कुठे आहे?

हे अंदाजाने ठरवू नका, रेकॉर्डिंग करा. डीआय बॉक्समधून (वाद्याचा आवाज थेट मिक्सरकडे पाठवणारी पेटी) किंवा मिक्सरवरून फक्त बेसचा कोरडा ट्रॅक घ्या. मोबाइलवर हॉलचा आवाज टिपून उपयोग नाही, त्यात बेसपेक्षा हॉलच जास्त ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी कान ताजे असताना तो ट्रॅक ट्यूनरसमोर किंवा तानपुऱ्याच्या सुरासोबत ऐका. चूक आहे का एवढंच नव्हे, तर चूक कशी आहे ते ऐका.

ट्रॅक सुरात निघाला आणि तरी स्टेजवर बेसूर वाटत होतं, तर बोटांनी काम चोख केलं होतं, तुमच्या कानापर्यंत पोचणारा आवाज खराब होता. हे मला वाटायचं त्यापेक्षा पुष्कळदा घडतं. चूक नेहमी एकाच दिशेला असेल, म्हणजे नटजवळचे (मानेच्या टोकाला तारा जिच्या खाचांत बसतात ती पट्टी) सगळे स्वर चढे किंवा बाराव्या जागेपुढचे (एक जागा म्हणजे एक अर्धस्वर) सगळे उतरे, तर तो वाद्याच्या सेटअपचा दोष. फक्त लांब उडीनंतरचा पहिला स्वर चुकत असेल, तर ते खरोखर रियाजाचं काम. आणि चूक भरकटलेली असेल, तोच स्वर एकदा चढा एकदा उतरा, लांब धरलेला स्वर मध्येच इकडे तिकडे सरकलेला, तर वाजवणारा अंधारात चाचपडत होता. या शेवटच्या प्रकारापायी लोक सर्वात जास्त घाम गाळतात, आणि त्या घामाचा इथेच सर्वात कमी उपयोग होतो.

कानाला सूर कळतो तो वरून

खुली ई तार ४१.२ हर्ट्झवर वाजते. समजा दुसरं एखादं वाद्य तोच स्वर बरोबर वाजवतंय आणि तुम्ही १० सेंट, म्हणजे अर्धस्वराचा दहावा भाग, चढे आहात. मूळ वारंवारतेतला फरक फक्त ०.२४ हर्ट्झ. दोन स्वर एकमेकांवर आदळून जी थरथर होते, ज्याला विस्पंद म्हणतात, तिचं एक आवर्तन पुरं व्हायला चार सेकंदांहून जास्त वेळ लागतो. १२० च्या लयीत चार मात्रांचा एक बार दोन सेकंदांत संपतो. कानाला चूक कळायच्या आत दोन बार निघून गेलेले असतात.

तार छेडली की मूळ स्वरासोबत त्याच्या पटीतले वरचे स्वरही वाजतात, ते उपस्वर. आता त्याच तारेचा दहावा उपस्वर घ्या, ४१२ हर्ट्झचा. तिथे तोच १० सेंटचा फरक सेकंदाला जवळजवळ अडीच वेळा थरथरतो, आणि चूक ताबडतोब कानात टोचते. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेरच पडत नाही, तरी बेसची धून आपल्याला बरोबर ओळखू येते, तीही याच कारणाने. उपस्वरांवरून मेंदू मूळ स्वर बांधून घेतो.

म्हणजे ज्या ज्या गोष्टी उपस्वर झाकतात, त्या सगळ्या फ्रेटलेस वाजवणाऱ्याला आंधळं करतात. टोनची खुंटी पूर्ण बंद, मऊ कापूस घातल्यासारखा ईक्यू (आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करणारी सोय), फक्त मानेकडचा पिकअप (तारेचं कंपन टिपणारा भाग), वरून कोरस. यातली प्रत्येक गोष्ट ऐकायला गोड लागते आणि प्रत्येक गोष्ट सुराची कड घासून टाकते. कोरसबद्दल माझं मत कडक आहे: तो तुमचाच सूर थोडा चढवून आणि उतरवून तुमच्याच सुरात मिसळतो, आणि आपण तो चूक लपावी म्हणून लावतो. ज्याला अजून सूर पकडायला त्रास होतोय त्याने तो स्टेजवर लावूच नये. फ्रेटलेस बेस वाजवणारे जाको पास्टोरियस यांचा आवाज आठवून बघा. ब्रिजकडचा (घोडीकडचा) पिकअप, ब्रिजजवळ छेडलेली तार, इपॉक्सीचा थर दिलेला कडक फिंगरबोर्ड. त्या आवाजाचं सौंदर्य सगळेच सांगतात. तो वाजवणाऱ्याला स्वतःचा सूर लख्ख दाखवतो, हा त्याचा दुसरा गुण.

फ्रेटलेसचा तो गुरगुरणारा, फुलत जाणारा स्वर मुळात जवारीचाच प्रकार आहे. तानपुऱ्याची तार घोडीच्या पसरट माथ्याला हलकेच घासत राहते आणि त्यातून उपस्वर फुलतात. फ्रेटलेसवर तेच काम फिंगरबोर्ड करतो. तेव्हा तार किती उंच आणि मानेला बाक किती, हा प्रश्न बोटांच्या सोयीपुरता नाही. तार फार उंच ठेवलीत तर जवारी गेली, आणि तिच्याबरोबर ऐकू येणारा सूरही गेला.

घरचा ईक्यू स्टेजवर का फसतो

फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढला की ते बाकीच्यांपेक्षा वेगाने वर येतात. घरी आपण हळू वाजवतो, आवाज पातळ वाटतो, म्हणून बेसची खुंटी फिरवतो. तीच सेटिंग स्टेजच्या आवाजात नेली की तो खालचा भाग फुगून सगळं गिळतो. लोक हॉलला दोष देतात, ॲम्प बदलतात. मीही एक बदलला, आणि दुसऱ्या कार्यक्रमात नव्या ॲम्पवर तोच गढूळपणा ऐकला.

उपाय साधा आहे, फक्त मनाला पटायला वेळ लागतो. सगळ्या खुंट्या मधोमध ठेवून सुरुवात करा. मग १०० ते २५० हर्ट्झच्या भागातून तीनेक डेसिबल काढा, गढूळ हॉलमध्ये सहापर्यंत. ६०० ते ९०० च्या आसपास दोन-तीन वाढवा. ३५ ते ४० हर्ट्झवर हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचा आवाज कापणारा, लावा. इलेक्ट्रिक अपराइटवर तो मी ५० पर्यंतही नेतो, कारण पिएझोला (दाबावरून कंपन टिपणाऱ्या पिकअपला) हाताचा प्रत्येक धक्का, स्टँडचं प्रत्येक हलणं ऐकू येतं आणि स्पीकर ते सगळं पंप करत बसतो. पाच तारांच्या बेसची बी तार ३१ हर्ट्झची असते, मग ती कापली जाईल अशी भीती अनेकांना वाटते. तिचे उपस्वर शाबूत असतात, कान बाकीचं भरून काढतो. एकट्याने ऐकाल तर हा आवाज नाकातला वाटेल. ड्रम आणि कीबोर्ड सुरू झाल्यावर ऐका, मगच ठरवा.

इलेक्ट्रिक अपराइटवाल्यांसाठी: आधी इनपुट तपासा

हा भाग जरा लांबवतो, कारण माझी दोन वर्षं यात गेली. माझ्या इलेक्ट्रिक अपराइटला ब्रिजखाली पिएझो आहे. घरी प्रीॲम्पमधून (ॲम्पच्या आधी सिग्नल वाढवणारी पेटी) वाजवलं की लाकडाचा भरदार आवाज. कार्यक्रमांत मात्र साउंडवाले देतील त्या पॅसिव्ह, म्हणजे वीज न लागणाऱ्या, डीआयमध्ये थेट केबल लावायचो, आणि आवाज पत्र्याचा, टोकदार, खाली काहीच नाही असा यायचा. मग मी खालचा भाग ईक्यूने वाढवायचो, त्यातून गढूळपणा आणि फीडबॅक. सूर कुठेच सापडत नसे.

कारण विजेचं आहे. पिएझो हा एका छोट्या कपॅसिटरसारखा वागतो. त्याची क्षमता साधारण १ नॅनोफॅरड धरली, तर पुढच्या इनपुटच्या रोधाबरोबर मिळून तो आपोआप एक हाय-पास फिल्टर बनतो. इनपुट १० मेगाओहमचा असेल तर कापणी १६ हर्ट्झवर होते, म्हणजे कानाला काही फरक नाही. १ मेगाओहमचा असेल तर १५९ हर्ट्झवर, म्हणजे चारही खुल्या तारांचे मूळ स्वर कमी-जास्त पडायला लागले. पॅसिव्ह डीआयचा इनपुट यापेक्षा कितीतरी खाली असतो. तो १४० किलोओहमच्या आसपास असला तर कापणी हजार हर्ट्झच्याही वर जाते. गेलेला आवाज नंतर ईक्यूने परत येत नाही. तो शोधताना गोंगाट तेवढा वाढतो.

तेव्हा वाद्यातच बफर किंवा प्रीॲम्प नसेल, तर १० मेगाओहम इनपुटचा स्वतःचा प्रीॲम्प जवळ ठेवा, वाद्यापासून त्याच्यापर्यंतची केबल आखूड ठेवा, आणि पुढे हवी तेवढी लांब न्या. कार्यक्रमासाठी पहिला खर्च करायचा असेल तर तो इथे करा, ॲम्पवर नंतर. वाद्यातच ॲक्टिव्ह प्रीॲम्प असेल तर हा प्रश्न येत नाही, पण त्याची ९ व्होल्टची बॅटरी उतरत आली की आवाज खरखरीत आणि दबका होतो आणि आपण पुन्हा बोटांना दोष देतो. केबल लावलेली राहिली तर बॅटरी जळत राहते, म्हणून वाजवून झालं की जॅक काढा.

प्रीॲम्पवर सिग्नल उलटा करणारं पोलॅरिटीचं बटण असलं तर ते वापरून बघा. पोकळ अंगाच्या अपराइटवर ज्या एका स्वराला फीडबॅक सुरू होतो, तो नुसतं ते बटण उलटं केल्यावरही कधी कधी थांबतो. नाही थांबला तर त्या स्वरावर अरुंद नॉच, म्हणजे फक्त तेवढीच पट्टी कापणारा फिल्टर. सबंध बेस कमी करू नका.

कॅबिनेट गुडघ्यांना वाजून दाखवतं

खालचे स्वर चहूकडे पसरतात, वरचे सरळ रेषेत जातात. जमिनीवरच्या स्पीकर कॅबिनेटपासून दीड मीटरवर उभे राहिलात तर सूर सांगणारा ५०० ते २००० हर्ट्झचा भाग गुडघ्यांजवळून पुढे निघून जातो, आणि कानाला नुसती घुमघुम उरते. कॅबिनेट खुर्चीवर ठेवा किंवा मागे टेकू देऊन तोंड वर करा. याला काही खर्च नाही, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो. पोकळ लाकडी स्टेजवर खाली फोमचा जाड तुकडा घाला, नाहीतर स्टेजच वाजायला लागतो.

भिंतीचंही गणित आहे. स्पीकरच्या मागे एक मीटरवर भिंत असेल, तर तिच्यावरून परतलेला आवाज ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला उलटा भेटतो आणि तिथला स्वर पडतो. डी तारेवरचा तिसऱ्या जागेचा एफ ८७ हर्ट्झचा आहे. तेवढा एकच स्वर गायब होतो आणि आपल्याला वाटतं बोट नीट दाबलं नाही. कॅबिनेट भिंतीला जवळजवळ चिकटवलं की हा खड्डा वर सरकतो. खालचा भाग मात्र वाढतो, तो ईक्यूने काढून टाका. वाढलेलं कापणं सोपं असतं, पडलेलं भरून निघत नाही.

मॉनिटर (वाजवणाऱ्यालाच ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर) मिळाला तर त्यात बेसचा खालचा भाग मागू नका, तो तुमच्याकडे आधीच भरपूर आहे. बेसचा मधला भाग आणि ज्याच्या सुराला धरून तुम्ही वाजवता तो एक आवाज मागा, बहुधा गायकाचा. कीबोर्डवाला डाव्या हाताने तुमच्याच सप्तकात वाजवत असेल तर त्याला प्रेमाने सांगा, वर घे. हे सांगायला मला फार संकोच वाटायचा, आणि ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी अर्धं दुखणं गेलं. कानात फोमचे बोळे घालत असाल तर ते वरचे स्वर जास्त कापतात हे ध्यानात घ्या. संगीतकारांसाठीचे, सगळ्या पट्ट्या सारख्या कमी करणारे प्लग घ्या. इन-इअर मॉनिटरवर तर फ्रेटलेस वाजवणं कितीतरी सोपं होतं.

दोष वाद्याचाच निघाला तर

नटजवळचे स्वर चढे येत असतील तर नटच्या खाचा उंच आहेत. तार दाबताना ताणली जाते आणि स्वर चढतो. फ्रेटलेसला तिथे फ्रेटची उंची पार करायची नसते, म्हणून खाच जवळजवळ फिंगरबोर्डला टेकेल इतकी खाली नेता येते. खाच एकदा जास्त घासली तर नट बदलावा लागतो, त्यामुळे हात बसलेला नसेल तर हे काम कारागिराकडे द्या.

बाराव्या जागेवर हार्मोनिक आणि दाबलेला स्वर जुळवून बघा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे न्या, उतरा असेल तर पुढे. मानेला थोडाच बाक हवा, मधोमध सुमारे ०.२ ते ०.३ मिलिमीटर. ट्रस रॉड (मानेचा बाक ठरवणारी आतली सळई) एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त फिरवू नका. हवा बदलली की हे पुन्हा तपासावं लागतं.

कडेचे ठिपके कुठे आहेत हेही एकदा पक्कं करा. काही फ्रेटलेसवर ते नेमके स्वराच्या जागी असतात, काहींवर फ्रेट असलेल्या बेससारखे दोन जागांच्या मध्ये. दोन वाद्यं आलटून पालटून वाजवणारा इथे हमखास फसतो. बोट रेषेच्या मागे नव्हे, रेषेवरच पडायला हवं. शिवाय वरून तिरकं बघताना रेषा सरकलेली दिसते, म्हणून नजरेला शेवटचा शब्द देऊ नका.

३४ इंच लांबीच्या बेसवर पहिला अर्धस्वर ४८ मिलिमीटरचा असतो, बाराव्या जागेपुढे २४ चा. १० सेंट म्हणजे नटजवळ पाचेक मिलिमीटर आणि वर जेमतेम अडीच. साडेएकेचाळीस इंचांच्या इलेक्ट्रिक अपराइटवर पहिलाच अर्धस्वर ५९ मिलिमीटरचा. म्हणून तिथे एका बोटाला एक जागा ही पद्धत खालच्या भागात सोडा, आणि तर्जनी, मधलं बोट व करंगळी अशी जुने बेसशिक्षक सिमांडल यांची मांडणी घ्या. लाकडी अपराइटवर मानेच्या बुडाशी अंगठा टेकला की जी तारेवर डी किंवा ई-फ्लॅट आपसूक मिळतो. इलेक्ट्रिक अपराइटला पुष्कळदा अंगठा अडवणारा तो भागच नसतो, तेव्हा मानेच्या मागे त्या जागी चिकटपट्टीचा एक जाड तुकडा लावा, अंगठ्याला कळेल असा. स्टँडची उंची आणि कोन ठरला की दांड्यावर खूण करा. दोन सेंटिमीटरचा फरक पडला तरी हात सगळ्या जागा चुकवतो. ब्रिजच्या पायांभोवतीही पेन्सिलने रेघ मारा. तारा चढवताना ब्रिजचा माथा हळूहळू नटकडे झुकतो आणि लांबी बदलते. तो दोन्ही हातांनी सावकाश सरळ करा, तारा किंचित सैल करून.

सामान निवडताना

वॅटच्या आकड्याला लोक फार भुलतात. ३०० वरून ५०० वॅटवर गेलात तर वाढ सव्वादोन डेसिबलची, म्हणजे जेमतेम जाणवेल इतकी. लहान आणि मध्यम जागेसाठी हलका डी-क्लास ॲम्प आणि मधला भाग स्वच्छ देणारं एक १२ इंची कॅबिनेट पुरतं. त्याहून मोठ्या जागी पीए, म्हणजे हॉलची ध्वनियंत्रणा, आहेच. ॲम्पवर हाय-पास फिल्टर आणि ईक्यूच्या आधीचा डीआय आउट आहे का, हे मी आधी बघतो. ईक्यूनंतरचा आवाज पाठवला तर तुमच्या स्टेजवरची सगळी कापाकापी प्रेक्षकांच्या कानात जाते.

तारांबाबत एवढंच: राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या) जास्त उपस्वर देतात पण लाकूड खातात. कोट न दिलेल्या फिंगरबोर्डवर मी फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) लावतो आणि कमी पडणारी कड ब्रिजकडच्या पिकअपमधून भरून काढतो. गजाने वाजवत असाल तर ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) बंद करा.

साउंडचेकला मी आता एकच परीक्षा घेतो. खुली डी तार छेडतो, आणि ए तारेवर पाचव्या जागी तोच डी लावून बोट केसभर मागेपुढे करतो. जुळता जुळता थरथर मंद होत जाते आणि थांबते. ड्रमवाल्याला त्या वेळी वाजवत राहायला सांगतो. त्या गदारोळात, मी जिथे उभा राहणार आहे तिथून, ती थरथर थांबलेली ऐकू आली तर बाकी कशाला हात लावत नाही. नाही ऐकू आली तर कॅबिनेट अजून थोडं वर उचलतो, १५० हर्ट्झवरून अजून थोडं काढतो, आणि पुन्हा तीच तार छेडतो.